रेसिंग होमर सुरू करतोय: मोठी कबुतरं घेऊ की पिल्लं? आणि अजून तीन प्रश्न

नवी_ढाबळ

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसतं वाचत होतो, आज पहिल्यांदाच लिहितोय, त्यामुळे प्रश्न जरा जास्त आहेत, सांभाळून घ्या.

कबुतरांचं वेड आधीपासूनचं. पण मला उंच उडणारी किंवा कोलांट्या मारणारी नकोत, होमरच पाहिजेत, म्हणजे लांब सोडलं तरी घरी परत येणारी, आणि नुसती पाळायची नाहीत तर रेसला उतरवायचीत. ढाबळ बांधून झालीये. जमिनीपासून वर उचललेली, पुढून जाळी, मागून बंद, आत दोन भाग. आता आत काय ठेवायचं इथे गाडी अडलीये.

एक जण हा नाद बंद करतायत, त्यांच्याकडची दोन-तीन वर्षांची कबुतरं मला देतायत, त्यातली काही ५०० किमीवरून त्याच दिवशी घरी आलेली, सगळं वहीत लिहून ठेवलेलं आहे. दुसरे एक जण नुकतीच दाणा टिपायला लागलेली पिल्लं देतो म्हणतायत. माझं मन सरळ मोठ्यांकडे जातंय कारण ती तयार आहेत, पुढच्या सीझनलाच सोडता येतील. पण काही जण म्हणतात सोडली की जुन्या घरी जाणार. मग किती दिवस कोंडली तर आपली होतात? महिना? सहा महिने?

दुसरं म्हणजे, रेसमध्ये सगळी कबुतरं एकाच जागेवरून सोडतात पण प्रत्येकाचं घर वेगवेगळ्या अंतरावर, मग पहिला नंबर कोणाचा हे ठरवतात कसं?

तिसरं, खाणं. रेसच्या आधी उपाशी ठेवायचं म्हणजे घराच्या ओढीनं जोरात येतात असं ऐकलंय, ते मनाला पटत नाहीये.

आणि शेवटचा, ज्याच्यामुळे खरं तर मी या नादाला लागलो. बंद बास्केटमधून शेकडो किलोमीटर लांब नेलेलं, कधी न पाहिलेल्या जागी सोडलेलं कबुतर घराची दिशा धरतं कसं? कोणी चुंबक म्हणतं, कोणी सूर्य, कोणी वास. नक्की काय?

जुनी_ढाबळ

स्वागत आहे भाऊ. पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो कारण बाकीचं सगळं त्यावर उभं आहे.

मोठी कबुतरं जरूर घ्या, पण उडवायला नाही, पिल्लं काढायला. ५०० किमीवरून त्याच दिवशी आलेलं कबुतर म्हणजे ज्याच्या अंगात त्या जुन्या घराची ओढ पक्की बसलीये असं कबुतर, तीच तर त्याची किंमत आहे, आणि तीच ओढ तुमच्याकडून सुटल्यावर त्याला परत तिकडे नेणार. महिना कोंडा नाहीतर वर्ष कोंडा. वर्षानुवर्षं बंद ठेवलेली कबुतरं दार उघडं मिळाल्यावर जुन्या घरी गेल्याची उदाहरणं या नादात भरपूर आहेत. काही कबुतरं जोडीला, घरट्याला आणि पिल्लांना बांधली जाऊन नव्या जागी रमतात हेही खरं, पण कुठलं रमेल हे आधी कळत नाही, आणि ज्या कबुतराचं जुनं घर आता बंद होणार आहे ते परत गेलं तर तिथं त्याला आत घेणारं कोणी नसेल. म्हणून त्यांना जाळीच्या मोठ्या पिंजऱ्यात ऊन, वारा, पाणी सगळं द्या, पण उडवू नका.

त्यांची पिल्लं मात्र तुमची. कारण त्यांनी दुसरं घर पाहिलेलंच नसतं.

मादी दोन अंडी घालते, पहिल्यानंतर साधारण ४४ तासांनी दुसरं, आणि दुसऱ्यानंतर १७-१८ दिवसांत पिल्लं बाहेर येतात. सकाळी उशिरापासून दुपार टळेपर्यंत नर बसतो, बाकी संध्याकाळ, रात्र, पहाट मादीकडे. सुरुवातीचे काही दिवस दोघंही गळ्यातल्या पिशवीत तयार होणारं दूध पाजतात, हे दूध नरालाही येतं, आणि त्यावर पिल्लं इतकी झपाट्यानं वाढतात की आठवडाभरात रिंग घालायची वेळ येते. रिंग म्हणजे अखंड कडं असतं, त्यावर साल आणि नंबर. पुढची तीन बोटं एकत्र धरून कडं वर सरकवायचं आणि मागचं बोट हळूच बाहेर ओढून घ्यायचं. दोन दिवस आधी घातलं तर गळून पडतं, दोन दिवस उशीर झाला तर जातच नाही, म्हणून पाचव्या दिवसापासून रोज पाय बघत जा. एकदा पाय वाढला की ते कडं आयुष्यभर निघत नाही, तीच त्या कबुतराची ओळख.

२५ ते २८ दिवसांत, पंखाखाली पिसं भरून आली की आई-बापापासून वेगळी करा आणि मग खरं काम सुरू. उतरायच्या फळीवर जाळीचा छोटा पिंजरा ठेवून रोज त्यात बसवा. आजूबाजूची छपरं, झाडं, आकाश, दुसऱ्या कबुतरांची ये-जा, सगळं त्यांना बसल्या जागेवरून बघू द्या. दाणा देताना रोज तीच शिट्टी किंवा डब्याचा तोच खडखडाट. आठवडा-दोन आठवडे असं झालं की एखाद्या शांत संध्याकाळी, पोट रिकामं असताना, पिंजरा उचलायचा. उडवायचं नाही, हाकलायचं नाही, उडत ठेवायला दाखवतात तो झेंडा तर नकोच. ती छपरावर चढतील, माना वाकड्या करून बघतील, एक-दोन टप्पे उडतील आणि शिट्टी वाजली की आत येतील. हे सगळं पंखात जोर यायच्या आत झालं पाहिजे. दोन महिन्यांचं, पंख भरलेलं आणि कधी बाहेर न पडलेलं पिल्लू पहिल्यांदा सोडलं आणि कशाला तरी दचकलं की सरळ वर चढतं, वाऱ्याबरोबर वाहत जातं आणि परत यायचा रस्ता त्याला माहीतच नसतो.

खाण्याचं दुसरं कोणीतरी लिहील, माझ्यापेक्षा चांगलं लिहिणारे इथे आहेत.

मीटर_मिनिट

नंबर कसा काढतात ते मी सांगतो, माझा आवडता विषय.

आधी कोण आलं याला अर्थ नाही, वेग बघतात. सोडायच्या जागेपासून तुमच्या ढाबळीपर्यंतचं सरळ रेषेतलं अंतर भागिले लागलेला वेळ, मीटर प्रति मिनिट मध्ये. प्रत्येक ढाबळीचं अंतर आधीच मोजून नोंदवलेलं असतं. समजा तुमची ढाबळ ३०० किमीवर आणि कबुतर २५० मिनिटांत आलं तर १२०० मीटर प्रति मिनिट. दुसऱ्याची ३१२ किमीवर आणि त्याचं तुमच्यानंतर आठ मिनिटांनी आलं, म्हणजे २५८ मिनिटं, तर त्याचा वेग १२०९ च्या वर जातो. म्हणजे तुमचं आधी घरात येऊनही तो पहिला. १२०० म्हणजे ताशी ७२ किमी. पाठीवर वारा असला तर १५०० च्या पुढे जातात, समोरून वारा असला की १००० च्या खाली येतात, म्हणून नुसत्या वेगावरून कबुतर भारी की हलकं ठरवू नका, त्या दिवशी बाकीची कशी आली ते बघा.

वेळ घ्यायची पद्धत आता बहुतेक ठिकाणी इलेक्ट्रॉनिक आहे. दुसऱ्या पायात चिपवाली रिंग, ट्रॅपच्या, म्हणजे ढाबळीत फक्त आत शिरता येतं अशा दाराच्या, तोंडाशी चिप वाचणारं पॅड, कबुतर त्यावर पाय ठेवून आत शिरलं की सेकंदासकट नोंद. आधी रबराची रेस-रिंग असायची, आलेलं कबुतर हातात धरून ती काढायची, घड्याळाच्या पेटीत टाकायची आणि दांडा दाबायचा, तेव्हा कुठे वेळ छापला जायचा. पद्धत कुठलीही असो, कबुतर घरावर आलं म्हणजे रेस संपली नाही, आत शिरलं म्हणजे संपली. अर्धं आकाश कापून आलेलं कबुतर छपरावर बसून पिसं साफ करत बसलं की आपण खालून बघत राहण्याशिवाय काही करू शकत नाही. अशा वेळी गेलेली दोन मिनिटं ३०० किमीच्या रेसमध्ये जवळजवळ दहा मीटर प्रति मिनिट खातात. तेवढ्यात डझनभर नंबर खाली जाता येतं.

अंतराचं म्हणाल तर साधारण १०० ते ४०० किमी छोटी, त्यापुढे मधली, आणि ६००-७०० च्या पुढे लांब पल्ल्याची धरतात, प्रत्येक ठिकाणी आकडे थोडे इकडेतिकडे. युरोपात बार्सिलोनाहून सुटणारी आंतरराष्ट्रीय रेस बऱ्याच ढाबळींसाठी १००० किमीच्या वर जाते. इतक्या लांबच्या रेसमध्ये कबुतरं रात्री कुठेतरी थांबतात म्हणून अंधाराचे तास हिशोबातून वगळायची पद्धत असते. नव्या माणसानं तिकडे बघायचंच नाही. दोन सीझन छोट्या अंतरावर काढा.

पीस_न_पीस

नवी_ढाबळ, उपाशी ठेवायचं पटत नाहीये म्हणालात ते अगदी बरोबर आहे, कृपया ठेवू नका. मी मुख्यतः खाणं आणि तब्येत यावर लिहिते.

घरी फिरायला सोडताना पोट हलकं असणं वेगळं, ते शिट्टीला यावं म्हणून. आणि रेसला पाठवताना टाकी रिकामी ठेवणं वेगळं. लांबच्या उडीत कबुतर मुख्यतः चरबी जाळून उडतं, ती दोन-तीन दिवस आधीपासून अंगात भरावी लागते. म्हणून आठवड्याच्या सुरुवातीला हलकं, जव जास्त, आणि रेससाठी बास्केटमध्ये भरायच्या आधीच्या दिवसांत मका, करडई, थोडे शेंगदाणे वाढवत न्यायचे. छोट्या रेसला एवढं लागत नाही, तिथे जड कबुतर मागे पडतं. एका कबुतराला दिवसाला साधारण ३० ग्रॅम दाणा धरा. वजन करत बसायचं नसेल तर जव बघा, कबुतरं ते सगळ्यात शेवटी खातात. जव उरायला लागले की पोटं भरली, भांडं उचला. पिल्लांना आणि पिल्लं वाढवणाऱ्या जोड्यांना वाटाणा, मसूर असं प्रथिनांचं जास्त. ग्रिट कायम समोर पाहिजे, बारीक खडी आणि शिंपल्याचा चुरा, कारण दात नाहीत, दळण पोटात होतं, आणि कॅल्शियम नसेल तर मादीची अंडी मऊ कवचाची येतात.

पाणी रोज बदला, भांडं रोज घासा. गळ्यातला कँकर नावाचा रोग एकाच भांड्यातल्या पाण्यातून सगळ्या ढाबळीत फिरतो, चोच उघडून घशात पिवळट चिकट गोळा दिसला तर तोच. आणि आठवड्यातून एकदा आंघोळीला पसरट भांडं ठेवा. आंघोळीनंतर पाण्यावर पांढरट भुकटीचा तवंग आला तर समजा पिसं निरोगी आहेत.

शीट बघायची सवय लावा. सकाळी दार उघडल्यावर कबुतरांकडे बघायच्या आधी फळ्यांकडे बघा. घट्ट, गोल, तपकिरी, वर पांढरी टोपी आणि त्याला चिकटलेलं एखादं मऊ पीस, असं असेल तर निवांत. हिरवी पाण्यासारखी असेल तर त्या दिवशी कोणालाही बास्केटमध्ये घालू नका.

बाहेरून येणारी मोठी कबुतरं दोन-तीन आठवडे वेगळी ठेवा, लगेच आत मिसळू नका. पॅरामिक्सोची लस सगळ्यांना, पिल्लांनासुद्धा, मानेच्या मागे कातडीखाली. हा रोग झाला की मान पिळवटते, दाणा टिपताना नेम चुकतो, पाणीच पाणी शीट होते, आणि यावर औषध नाही, जे काही आहे ते आधीची लस. डॉक्टरकडून करून घ्या आणि एकदा तरी त्यांच्याकडून शीट तपासून घ्या. ढाबळीत फिरणारी 'दर महिन्याला हे पाच दिवस द्या' छापाची अँटिबायोटिकं मला अजिबात मान्य नाहीत. रोग माहीत नसताना दिलेलं औषध आज चालतं आणि पुढच्या वर्षी खरंच गरज लागते तेव्हा चालत नाही.

आणि स्वतःसाठी मास्क. खरवडताना कायम लावा. पिसांची भुकटी आणि वाळलेली शीट वर्षानुवर्षं छातीत जाऊन फुप्फुसं कायमची खराब झालेली माणसं या नादात आहेत, त्या आजाराला कबुतरवाल्यांचंच नाव पडलंय. खोकला, धाप, संध्याकाळी कणकण असं व्हायला लागलं तर डॉक्टरांना कबुतरं आहेत हे आवर्जून सांगा.

निळा_बार

सगळं बरोबर पण कबुतर घेताना डोळा बघायचा विसरू नका. बुबुळाभोवतीची कडी गडद आणि रंग भरलेला असेल तर लांब पल्ल्याचं, आमच्याकडे सगळे तसंच निवडतात.

पीस_न_पीस

निळा_बार दादा, डोळ्यात चमक आणि कोरडेपणा बघावा, कारण पाणावलेला डोळा म्हणजे सर्दी. पण कडीवरून अंतर ठरतं याचा पुरावा कोणी दिलेला नाही. फिक्या डोळ्याची कबुतरं जिंकतात आणि सुंदर डोळ्याची हरवतात. नव्या माणसाला मी सांगेन आई-बाप, भावंडं कशी आली ते विचारा, पंख उघडून शेवटची चार पिसं बघा, हातात घेतल्यावर अंग कसं लागतं बघा. बाकी बास्केट ठरवते, म्हणजे लांब नेऊन सोडल्यावर कसं येतं ते.

सूर्यदिशा

दिशा कशी धरतात यावर थोडं लांब लिहितो, कारण यातलं जेवढं माहीत आहे ते ट्रेनिंगलाही उपयोगी पडतं.

गुस्ताव क्रामर नावाच्या जर्मन शास्त्रज्ञानं १९५० च्या दशकात मांडलेला विचार अजून पाया मानतात. घरी यायला दोन गोष्टी लागतात, आपण कुठे आहोत हे कळणं म्हणजे नकाशा, आणि घर ज्या दिशेला आहे ती दिशा आकाशात नेमकी कुठली हे कळणं म्हणजे होकायंत्र. होकायंत्राबद्दल फारसा वाद नाही. ऊन असेल तर सूर्य. कबुतराला कृत्रिम उजेडात ठेवून त्याच्या अंगातलं घड्याळ सहा तास पुढे-मागे केलं आणि उन्हात सोडलं तर ते घराच्या दिशेपासून साधारण ९० अंश चुकीचं जातं, कारण सूर्य तासाला १५ अंश सरकतो आणि कबुतर त्याचा हिशोब चुकीच्या वेळेनं लावतं. ढग असतील तर पृथ्वीचं चुंबकत्व. विल्यम कीटननं १९७१ मध्ये दाखवलं की अंगावर चुंबक बांधलेली कबुतरं उन्हात नीट जातात पण ढगाळ दिवशी गोंधळतात.

नकाशाचा प्रश्न मात्र अजून मिटलेला नाही. इटलीतल्या पिसा शहरात फ्लोरियानो पापी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकापासून वासाची बाजू मांडली, ज्यांची वास घ्यायची शक्ती बंद केली ती कबुतरं अनोळखी जागेवरून घरी येईनात. म्हणजे ढाबळीत बसून वाऱ्याबरोबर येणारे वास ती शिकत असतात, कुठल्या वाऱ्याला कुठला वास. काही जण चुंबकत्वाचा नकाशा म्हणतात, काही जण माणसाला ऐकू न येणारे अगदी खोल आवाज. मला स्वतःला वासाचे प्रयोग सगळ्यात भक्कम वाटतात, पण कबुतर एकाच साधनावर अवलंबून नाही हे माझं पक्कं मत झालंय. एक बंद पडलं की दुसरं वापरतं.

शेवटच्या टप्प्याला डोळे. १९७० च्या दशकात धूसर लेन्स लावलेली कबुतरं, ज्यांना काहीच नीट दिसत नव्हतं, तीही घराच्या आसपासपर्यंत पोचली, मग अडखळली. आणि पाठीवर जीपीएस बांधून बघितलं तेव्हा कळलं की ओळखीच्या टापूत ती मोठे रस्ते, रेल्वेचे रूळ धरून जातात, वळणासकट.

याचा आपल्याला उपयोग काय, तर एक, ढाबळीला हवा खेळती पाहिजे. पूर्ण बंद डब्यात वाढलेलं पिल्लू आजूबाजूच्या वाऱ्याबद्दल काही शिकत नाही. दोन, पहिले टॉस, म्हणजे सरावासाठी लांब नेऊन सोडणं, स्वच्छ उन्हात द्या. तीन, सोडायच्या जागी पोचल्या-पोचल्या दार उघडू नका, पंधरा-वीस मिनिटं बास्केट उघड्यावर, आकाश दिसेल असं ठेवा.

आणि सगळं नीट असूनही वाईट दिवस येतात. २९ जून १९९७ ला ब्रिटनच्या रॉयल पिजन रेसिंग असोसिएशनच्या शताब्दी रेससाठी फ्रान्समधल्या नांतजवळून ६० हजारांवर कबुतरं सोडली, त्यातली फार थोडी वेळेत पोचली. जोनाथन हॅगस्ट्रम नावाच्या अमेरिकन भूशास्त्रज्ञानं नंतर असं मांडलं की त्याच वेळी वरून गेलेल्या कॉन्कॉर्ड या आवाजापेक्षा वेगानं उडणाऱ्या विमानाच्या आवाजाच्या धक्क्यानं त्यांचं ते खोल आवाजांचं मार्गदर्शन बिघडलं असावं. सगळ्यांना हे मान्य नाही. पण ज्यांच्या ढाबळी त्या दिवशी रिकाम्या राहिल्या त्यांचं दुःख मला कळतं.

नवी_ढाबळ

काय लिहिलंय सगळ्यांनी, मनापासून आभार. ठरलं मग, मोठ्या दोन जोड्या घेतो, बंद ठेवतो, आणि त्यांच्या पिल्लांवरच काम करतो. पुढच्या सीझनला रेस नाही तर नाही.

आता पुढचं विचारतो. पहिला टॉस किती अंतरावर द्यायचा? आणि ससाण्याचं काय करतात? आमच्या आकाशात दिसतो अधूनमधून. आणि जोडी लावून पाठवायची की नर-मादी वेगळं ठेवून, यावर लोक भांडतातच फार.

जुनी_ढाबळ

टॉसची घाई करू नका. आधी पिल्लं स्वतःहून फिरायला लागली पाहिजेत. सुरुवातीला ती डोक्यावरच गोल फिरतात, मग एक दिवस अख्खा थवा नजरेआड होतो आणि अर्धा-पाऊण तास दिसत नाही. पहिल्यांदा पोटात गोळा येतो, पण हीच खूण, आता ती परिसर शिकतायत. असं रोज व्हायला लागलं की बास्केट काढा. त्याच्याही आधी घरातच एक-दोन रात्री बास्केटमध्ये झोपवा, बाहेर लावलेल्या भांड्यातून पाणी प्यायला शिकवा, नाहीतर रेसच्या गाडीत पाणी समोर असून तहानलेली राहतात.

पहिला टॉस ३ ते ५ किमी. तिथूनच परत परत, जोवर ती तुमच्या आधी घरी पोचत नाहीत तोवर. मग १०, २०, ३५, ५०, ८०. एखाद्या टप्प्याला उशीर झाला तर पुढे जायचं नाही, मागे यायचं. रेस ज्या दिशेनं येणार त्याच रेषेवर नेत चला. थव्यानं चांगली यायला लागली की काही टॉस एकेकटे, एक सोडलं, ते नजरेआड झालं की दुसरं. थव्यात उडणारं पिल्लू दुसऱ्याच्या मागे येतं, एकट्यानं सोडल्यावर स्वतः ठरवायला शिकतं. वेळ खातं हे काम, पण यातूनच कुठलं पिल्लू डोकं चालवतं ते दिसतं.

पंख बघून पाठवा. बाहेरची दहा मोठी पिसं आतल्या बाजूनं एकेक करून गळतात, सुरुवातीची गळली तर कबुतर उडू शकतं, पण शेवटची दोन-तीन अर्धवट वाढलेली असताना लांब पाठवणं म्हणजे त्याच्यावर अन्याय आहे. पहिल्या वर्षीच्या पिल्लाला माझ्या मते ३०० किमीच्या पुढे पाठवूच नये, भले इतर पाठवोत.

ससाणा शिकार करणारच, तो त्याचा स्वभाव आहे, आणि बहुतेक देशांत त्याला कायद्याचं संरक्षण आहे, त्याला इजा करायचा विचारही नको. रोज एकाच वेळी सोडू नका, वेळ बदलत राहा. थकलेली, आजारी कबुतरं बाहेर काढू नका, ससाणा बहुतेक वेळा थव्यातलं मागे पडलेलंच उचलतो. आकाशात दिसला त्या दिवशी सुट्टी.

मीटर_मिनिट

जोडीच्या भांडणात थोडी भर घालतो.

दोन मुख्य पद्धती. एक नैसर्गिक, नर-मादी एकत्र, अंडी-पिल्लं चालू असताना त्यातलं एक पाठवायचं. आठ-दहा दिवस अंड्यांवर बसलेली मादी किंवा छोटं पिल्लू असलेला पक्षी घरट्यासाठी जीव तोडून येतो. पण अंडं द्यायच्या बेतात असलेली मादी कधीही पाठवायची नाही, आणि त्या दिवसांत तिच्या मागे मागे फिरणारा नरसुद्धा नाही, त्याचं सगळं लक्ष दुसरीकडे असतं. दुसरी विधुर पद्धत, सीझनच्या सुरुवातीला जोडीनं एक पिल्लू वाढवून घ्यायचं, मग मादी वेगळ्या खोलीत, नर आपल्या घरट्याच्या खणात. बास्केटच्या आधी काही मिनिटं मादी दाखवायची आणि रेसवरून आला की ती घरट्यात त्याची वाट बघत असली पाहिजे. ही शेवटची गोष्ट लोक विसरतात. नर ४०० किमी उडून आला आणि खण रिकामा असला तर पुढच्या वेळी त्याला घाई कशाची?

छोट्या-मधल्या अंतराला विधुर पद्धतीचा निकाल नियमित येतो कारण दर आठवड्याला नर सारख्याच तयारीत असतो. नैसर्गिकमध्ये अंड्यांची तारीख आणि रेसची तारीख जुळवत बसावं लागतं. तरीही नव्या माणसाला मी नैसर्गिकच सांगेन, कारण त्यात तुम्ही प्रत्येक कबुतराचं वागणं जवळून बघता, कोण घरट्यावर हक्क सांगतो, कोण अंड्यांवरून हलत नाही. वहीत लिहून ठेवा. पुढे विधुर पद्धतीत कोणाला घ्यायचं ते त्या वहीतूनच निघेल.

पिल्लांचं पहिलं वर्ष असेल तर यातलं काहीच नको, त्यांना दाणा आणि आपली बसायची फळी एवढी ओढ पुरते.

नवी_ढाबळ

समजलं. वही आजच आणली. शेवटचं एक, ट्रॅपमधून आत यायला शिकवायचं ते टॉसच्या आधी की चालू झाल्यावर? आणि टॉसवरून एखादं उशिरा आलं, जखमी आलं तर?

पीस_न_पीस

ट्रॅप सगळ्यात आधी. पहिल्यांदा फळीवर पिंजऱ्यात बसवता ना, तेव्हाच. आतून दाण्याचा आवाज करा आणि ट्रॅपच्या तारा दोन दिवस वर बांधून ठेवा म्हणजे मोकळं दार दिसेल, मग एक तार खाली, मग दोन, मग सगळ्या. हातानं हळूच ढकलून दाखवलं तरी चालतं, पण घाबरवू नका. पॅड लावणार असाल तर रेसच्या बऱ्याच आधी लावून ठेवा, नवी वस्तू दिसली की कबुतर दाराशी थबकतं.

उशिरा आलेल्याला काहीही बोलणी नाहीत, आदळआपट नाही, जसं वेळेवर आलेल्याला घेता तसंच आत घ्या. पाण्यात थोडं इलेक्ट्रोलाइट, दाणा हलका आणि थोडा थोडा, जव-गहू, एकदम मका नाही. मग हातात घेऊन छाती आणि पंखाखाली बघा, तारेला धडकलेल्या कबुतराची जखम बऱ्याचदा छातीवरच्या पिसांखाली लपलेली असते आणि गळ्याची पिशवी फाटली असेल तर प्यायलेलं पाणी तिथून ओलं दिसतं. तसं दिसलं तर घरी शिवायच्या फंदात न पडता त्याच दिवशी डॉक्टर. साधी खरचट असेल तर मिठाच्या कोमट पाण्यानं धुवून वेगळ्या खणात ठेवा, आणि पूर्ण भरून पिसं परत येईपर्यंत बास्केट नाही.

आणि तुमच्या छपरावर दुसऱ्या कोणाचं रिंगवालं थकलेलं कबुतर उतरलं तर आपल्या कबुतरांत मिसळू न देता वेगळ्या पिंजऱ्यात पाणी-दाणा द्या, एक रात्र विश्रांती, रिंगवरचा नंबर लिहून मालकाला किंवा त्याच्या क्लबला कळवा. धडधाकट असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन पडल्यावर सोडा, बहुतेक स्वतःच जातं. इथे रिंगचे नंबर टाकायला वेगळा धागा आहे, तिथे टाकलात तरी कोणीतरी मालक शोधून देतं.